गोडाचा मसालाही घरचाच हवा

वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या सिंधुदुर्गात अंगणाअंगणांतून मिरच्या आणि धणे वाळत पडलेले दिसतात. वर्षाच्या मसाल्याच्या बाबतीत आपली गृहिणी कोणाचेही ऐकत नाही. बेडगी किती, संकेश्वरी किती, दगडफूल कुठल्या दुकानातून आणायचे, हे सारे तिचे ठरलेले असते. गिरणीवरसुद्धा ती स्वतः उभी राहते, आधीच्या गिऱ्हाईकाची पूड आपल्या डब्यात येऊ नये म्हणून. ही दक्षता आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मात्र हीच गृहिणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा नाताळच्या आठवड्यात दुकानात जाते आणि दालचिनीची, जायफळाची, वेलचीची तयार पूड पाकिटातून घेऊन येते. ती कधी दळली, कशापासून दळली, त्यात आणखी काय आहे, हे विचारण्याचे तिच्या मनातही येत नाही. तिखटाला एक न्याय आणि गोडाला दुसरा, असे का? गोड तर घरातली लहान मुले जास्त खातात.

भाजलेले गोड पदार्थ म्हणजे बेकरीचे, साहेबाचे, असा एक समज आहे. तो आपल्यापुरता तरी खरा नाही. आपली तवसोळी म्हणजे दुसरे काय? पावसाळी तवसे किसायचे, तांदळाची कणी, गूळ आणि ओला नारळ त्यात मिसळायचा, भांड्याच्या तळाशी हळदीचे पान घालायचे आणि खाली मंद विस्तव, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवून ती भाजून काढायची. विजेची भट्टी येण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्यांनी वरखाली विस्तवाची भट्टी चुलीवर केली होती. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळचा केक होतो, त्यात दालचिनी, लवंग, जायफळ असते. आता तर गावोगावी मुली केक शिकल्या आहेत, आणि ते चांगलेच आहे. विलायतेत अशा पदार्थांसाठी पाच-सहा मसाल्यांची मिश्र पूड तयार मिळते. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. आयुर्वेदात दालचिनी, वेलची आणि तमालपत्र या तिघांना मिळून त्रिजात म्हणतात आणि त्यात नागकेशर मिळाले की चातुर्जात. हे गोडाच्या मसाल्याचेच जुने रूप म्हणायला हरकत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. पूड का नको?

पहिले कारण साधे आहे. मसाल्याचा वास म्हणजे त्यातले उडून जाणारे तेल. अख्ख्या जायफळात, अख्ख्या सालीत ते बंदिस्त असते. पूड केली की ते वाऱ्यावर जाऊ लागते. सहा-आठ महिने दुकानाच्या फळीवर पडलेल्या पुडीत रंग राहतो, वास राहत नाही. मग गृहिणी एका चमच्याच्या जागी दोन घालते. एवढेच असते तर मी या सदरात ते लिहिले नसते, कारण तो चवीचा प्रश्न झाला.

दुसरे कारण गंभीर आहे. २०२३ सालच्या पावसाळ्यानंतर अमेरिकेत घडलेला प्रकार पुष्कळांच्या वाचनात आला नसेल. नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही लहान मुलांच्या रक्तात नेहमीच्या तपासणीत शिसे आढळले. घरातला रंग तपासला, पाणी तपासले, काही सापडेना. शेवटी शोध लागला तो मुले आवडीने खात असलेल्या सफरचंदाच्या गोड गराच्या पिशव्यांचा. गरात दालचिनीची पूड होती आणि त्या पुडीत शिसे होते. पुढे देशभरातून अशा सुमारे पाचशे रुग्णांची नोंद झाली, त्यांत बहुतेक लहान मुले. पुडीला रंग आणि वजन यावे म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग मिसळला गेला असावा, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही दालचिनी श्रीलंकेतून अख्ख्या सालीच्या रूपात इक्वेडोर देशात गेली होती आणि तिथे दळली गेली. तिथल्या सरकारी यंत्रणेने न दळलेल्या साली तपासल्या, तेव्हा त्यांत शिशाची भेसळ आढळली नाही. म्हणजे साल चांगली होती. विष शिरले ते दळताना किंवा दळल्यानंतर. त्यानंतर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या दालचिनीच्या पुडी तपासायला घेतल्या आणि अनेक मालांबद्दल ग्राहकांना इशारे दिले.

आपल्यालाही हा रंग अनोळखी नाही. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून तोच वापरला जात होता आणि तिथल्या सरकारला २०१९ नंतर त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. शिसे जिभेला लागत नाही, नाकाला कळत नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते. रक्तातल्या शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगत नाही. बाजारातली प्रत्येक पूड अशी असते असे मी मुळीच म्हणत नाही. प्रामाणिकपणे धंदा करणारे पुष्कळ आहेत. परंतु पुडीत काय आहे हे ओळखण्याचे साधन तुमच्या-माझ्याकडे नाही, आणि अख्ख्या सालीत, अख्ख्या जायफळात रंगाची भुकटी मिसळून वजन वाढवता येत नाही. माझा सारा आग्रह एवढ्यावरच उभा आहे.

तिसरी गोष्ट दालचिनीची जात. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण दवाखान्यात रोज याच विषयावर बोलावे लागते.

बाजारात दालचिनी म्हणून दोन निरनिराळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. एक खरी दालचिनी, म्हणजे श्रीलंकेची, आणि आपल्या कोकणातल्या बागांतूनही होणारी. दुसरी कॅशिया. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांतून येते आणि स्वस्त पडते. आपल्या अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत या दोघींची मानके वेगवेगळी आहेत, पण किराणा दुकानात मात्र दोघींचे नाव एकच. हातात घेतली की फरक कळतो. खरी दालचिनी कागदासारखी पातळ असते, एकात एक अनेक पदर गुंडाळलेले असतात, रंग फिकट तांबूस आणि बोटांनी दाबली तरी तुटते. कॅशियाची साल जाड, टणक, एकाच पदराची. ती मोडायला खलबत्ता लागतो. पूड झाल्यावर मात्र दोघी सारख्याच दिसतात.

फरक नुसता दिसण्याचा नाही. कॅशियामध्ये कूमॅरिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते, खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. काही माणसांचे यकृत या द्रव्याला फार लवकर त्रासते. जर्मनीत २००६ च्या नाताळात दालचिनीच्या बिस्किटांवरून यावर मोठी चर्चा झाली. तिथल्या सरकारी संस्थेने काढलेला हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त कॅशिया वर्षानुवर्षे खाऊ नये, आणि पंधरा किलोच्या मुलाने अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त. युरोपात तर रोजच्या भाजलेल्या गोड पदार्थांत किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि सणासुदीच्या पारंपरिक पदार्थांत ५० मिलिग्रॅम अशी कूमॅरिनची मर्यादाच घालून दिली आहे. सणाला जरा सूट द्यावी, ही माणुसकी तिथल्या कायद्यालाही सुचली, याची मला गंमत वाटते.

याचा अर्थ केकातल्या दालचिनीला भ्यायचे का? नाही. वर्षातून चार-सहा वेळा खाल्लेल्या केकाने किंवा तवसोळीने यकृत बिघडत नाही, मग दालचिनी कुठलीही असो. मला काळजी वाटते ती वेगळ्या लोकांची. मधुमेहावर दालचिनी, असे कोणीतरी सांगते आणि मग सकाळी उठून चमचाभर पूड गरम पाण्यात घालून प्यायची रीत सुरू होते. एक चहाचा चमचा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. पाकिटातली पूड बहुधा कॅशियाचीच. म्हणजे रोजची मर्यादा पहिल्या घोटातच ओलांडली गेली. बरे, साखर त्याने आटोक्यात राहते याचा भरवशाचा पुरावा म्हणावा तर तोही अजून मिळालेला नाही. उलट गोळ्या बंद करून दालचिनीवर राहिलेले रुग्ण मी पाहतो, तेव्हा त्यांची साखर साडेतीनशेच्या घरात असते. ज्यांना यकृताचा विकार आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

आता जायफळ. या फळाने इतिहासात काय काय घडवले आहे! सतराव्या शतकापर्यंत ते जगात फक्त बांदा बेटांवर पिकत असे. त्यासाठी डच लोकांनी १६२१ साली तिथल्या रहिवाशांची कत्तल केली. १६६७ च्या तहात इंग्रजांनी जायफळाच्या एका चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा. ज्याच्यासाठी एवढे झाले ते जायफळ आज आपल्या जिल्ह्यात नारळी-पोफळीच्या सावलीत होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जायफळाच्या आणि ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, लवंग घेण्याची पद्धत ‘लाखी बाग’ या नावाने लोकांपुढे ठेवली. आपल्या ओळखीच्या बागायतदाराकडे चौकशी केलीत तर जायफळ, जायपत्री आणि पातळ सालीची दालचिनी तिन्ही मिळतील. परसातले फळ असेल तर बी कवचात खुळखुळू लागेपर्यंत वाळवावे, पण कडक उन्हात नको. त्यातली चरबी वितळते आणि वास जातो. जायपत्री घेताना तेवढी ओळखून घ्यावी. रामपत्री नावाची दिसायला तशीच पण वासाला मंद अशी वस्तू तिच्यात मिसळतात.

जायफळ हे गोड स्वभावाचे असले तरी औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ पोटात गेले तर मोठ्या माणसालाही काही तासांनी धडधड, तोंडाला कोरड, भ्रम आणि नंतर विलक्षण गुंगी येते. पदार्थातली चिमूट त्याच्या आसपासही पोचत नाही. पण तान्ह्या बाळाचे काय? आपल्याकडे बाळ रात्रीचे रडू लागले की सहाणेवर जायफळ उगाळून चाटवतात. मी नको म्हटले की आजीचे उत्तर ठरलेले, “डॉक्टरांनू, आमची चार पोरां जायफळारच वाढली, ह्याकच काय होतला?” आजींचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण दोन वेढे उगाळायचे की दहा, हे हाताच्या जोरावर असते आणि बाळाचे वजन अवघे चार किलो. गुंगीत पडलेले बाळ दूध मागत नाही. बाळ शांत झोपले असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात ते सुस्त झालेले असते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको, मग जायफळ कुठून आले? मोठ्यांच्या खिरीत, केकात, तवसोळीत ते जरूर घाला, सहाणेवर मात्र नको. गरोदर स्त्रियांनीही पदार्थातल्या चिमटीवरच थांबावे.

मसाला करायचा कसा, ते आता सांगतो. प्रमाण माझ्या घरचे आहे, तुमच्या जिभेप्रमाणे ते बदलावे. खरी दालचिनी २० ग्रॅम, सुंठ १० ग्रॅम, वेलचीचे सोललेले दाणे ८ ग्रॅम, मध्यम आकाराचे एक जायफळ, लवंग ३ ग्रॅम आणि जायपत्री २ ग्रॅम. एवढ्याची साधारण ५० ग्रॅम पूड होते. अर्धा किलो रव्याला किंवा मैद्याला एक चहाचा चमचा पुरतो. आठ माणसांत वाटला तर एकाच्या वाट्याला जायफळ येते चिमटीचाही अंश. तेव्हा घाबरण्याचे काही कारण नाही.

सुंठ घेताना फार पांढरी शुभ्र दिसणारी घेऊ नका, तिला चुना लावलेला असतो. लवंग तळहातावर नखाने दाबावी, तेल सुटले पाहिजे. पाण्यात टाकली तर चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. वेलची हिरवी आणि भरलेली असावी. हात लावताच पांढरी भुकटी लागली तर परत करावी. जायफळ फोडून पाहावे, आत किडीची भोके किंवा बुरशीचा करडा थर दिसला तर अख्खेच फेकून द्यावे. “किडका भाग काढला, बाकीचे वापरले” हा काटकसरीचा हिशेब इथे चालत नाही. बुरशीचे विष डोळ्याला दिसणाऱ्या डागापुरते थांबत नाही आणि भाजल्यानेही जात नाही.

तिखट मसाल्यासारखे हे जिन्नस तेलावर परतू नयेत. दालचिनी, सुंठ, लवंग यांना तासभर ऊन दाखवावे. वेलचीला आणि जायफळाला ते नको. दालचिनी आणि सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून घ्यावी, नाहीतर मिक्सरचे पाते जाईल. जायफळ किसणीवर किसावे. मिक्सर थांबत थांबत फिरवावा, भांडे तापू देऊ नये. मग बारीक चाळणीने चाळावे, वर राहील ते चहात टाकावे. मिरचीच्या गिरणीवर हा मसाला नेण्याचे मनातसुद्धा आणू नका. एका भगिनीने नेला होता, त्या वर्षीचा केक घरातल्या मुलांनी पाण्याबरोबर खाल्ला.

घरचे म्हणजे शुद्धच, हा भ्रमही बाळगू नये. आपली हवा दमट. आषाढात इथे मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, तिथे मसाल्याची काय कथा? वेलची चांगली वाटली जावी म्हणून तिच्यात साखर घालण्याची पद्धत आहे, ती त्याच दिवशीच्या वापरापुरती ठीक. साठवणीच्या मसाल्यात साखर घातली की ती ओल ओढते. म्हणून अख्खे जिन्नस उन्हाळ्यात, तिखटाच्या बेगमीबरोबरच, कोरडे करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरून ठेवावेत आणि पूड लागेल तेवढीच, दोन-तीन महिन्यांच्या बेताने करावी. बरणीत ओला चमचा घालू नये. शेगडीच्या वरच्या फळीवर बरणी ठेवू नये, तिथे वाफ लागते. वेळ नाही ही सबब मला पटत नाही. सगळे मिळून पाऊण तासाचे काम आहे. महाग पडते हे मात्र काही अंशी खरे आहे. खरी दालचिनी कॅशियापेक्षा बरीच महाग असते. पण ५० ग्रॅम मसाल्यात ती २० ग्रॅमच लागते आणि तो मसाला वीस वेळा पुरतो. नाहीच मिळाली तर अख्खी कॅशिया आणून घरी दळा. सणापुरती ती चालेल, पुडीपेक्षा तीही बरी.

चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस एखादी उघडीप पाहून पूड करावी आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. तवसोळी, नेवऱ्या, खीर यांना ती पुरते. उरेल ती नाताळपर्यंत चालत नाही. दिवाळीला संपवून टाकावी, बरणी धुऊन चांगली उन्हात वाळवावी आणि केकासाठी डिसेंबरात पुन्हा नवी करावी.